भारीतली कोणती?

खोली भाड्यानं बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतात ते मला पाठ झालं होतं. आडनाव, गाव, नोकरी आणि मग घसा खाकरून, "मिस्टर कुठं असतात?" मिस्टर सोलापुरात दुसरीबरोबर असतात असं सांगितलं की ती खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची. भूममध्ये आठवडाभर माझं हेच चाललं होतं. मी डेपोत नवी लेडी कंडक्टर, माझी ट्रंक डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत आणि टाळकं कायम तापलेलं. अशात एका ड्रायव्हरनं मुसलमान गल्लीतलं एक घर दाखवलं. ओट्यावर पन्नाशीकडं आलेली एक बाई बसली होती. तिनं आडनाव विचारलं नाही, नवरा विचारला नाही. दोन्ही हात माझ्यापुढं पसरले आणि म्हणाली, "ह्यातली भारीतली कोन्ती, सांग."

दोन्ही हातांच्या नखांना लाल नेलपॉलिश होती. मी निरखून बघितलं. मला दोन्ही सारख्याच दिसल्या आणि मी तसं सांगून टाकलं. उन्हात उभं राहून कोडी सोडवायचा मला कंटाळा आला होता.

"खरं बोललीस," ती म्हणाली. "आत्तापत्तुर ज्या आल्या त्यांनी उगंच येका हाताकडं बोट दावलं. ठाऊक न्हाय तर न्हाय म्हणावं. खोटं बोलणारं मानूस घरात नक्को मला."

"मग भारीतली कोणती?"

"ही उजवी. पोरानं पुन्याहून धाडली. डावीकडली बाजारातली, जमिनीवर मांडून बसतेत त्यांच्याकडली. लांबून दोनी सारख्याच. जवळ ऱ्हायल्यावर कळतंय."

वरची खोली मिळाली. पुढं सगळी गल्ली म्हणायची तसं मीही त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायला लागले. त्यांनी माझं नाव कधीच घेतलं नाही. शेवटपर्यंत मी त्यांच्यासाठी "कंडक्टर" होते. "ए कंडक्टर, पानी आलंय, भरून घे."

बाई गोड नव्हत्या. गेलेल्या माणसाला गोड करून सांगायची आपल्याकडं रीत आहे, पण मला ते जमत नाही. त्या नाक खुपसायच्या, माझ्या डब्याचं झाकण उघडून वास घ्यायच्या, दिवा दोन मिनिटं जास्त जळला तर खालून ओरडायच्या. आणि त्यांना तुलनेचं वेड होतं. एक वस्तू त्यांना कधी पुरली नाही. चहापत्ती आणायची तर दोन प्रकारची, दोन कपांत वेगवेगळी उकळायची, एक कप मला द्यायचा आणि मी पिताना माझं तोंड बघायचं. चादरीचा अर्धा भाग एका पावडरनं धुवायचा, अर्धा दुसरीनं. दोन बिस्किटं एकदम चहात बुडवायची आणि आधी कुठलं गळून पडतंय ते बघत बसायचं. एकदा मला सरळ विचारलं, "तुझा नवरा भारीतला हुता का साधा?"

"दिसायला भारीतला होता," मी म्हटलं.

"मंग टवका उडला असंल लवकर."

मला राग यायला हवा होता. पण तोपर्यंत सगळ्यांनी त्या विषयावर माझी कीवच केली होती, हसवलं कुणी नव्हतं. मी जिन्यात बसून पोट धरून हसले.

सगळ्या तुलनांमध्ये नेलपॉलिशची तुलना मात्र खरी जिवाची. खालांचे मालक बाजार करायचे. भूम, ईट, आसपासची गावं, जिथं ज्या दिवशी बाजार भरेल तिथं चटई पसरून बांगड्या, पिना, टिकल्या, नेलपॉलिश मांडायचे. लग्न होऊन आल्यावर खालांनी पहिली बाटली त्याच चटईवरून उचलली होती. मालक वारले, चटई गेली, आवड तेवढी राहिली. मुलगा शिकला, पुण्यात मोठ्या कंपनीत लागला. त्याला वाटायला लागलं की आपल्या आईनं बाजारातलं असलं काही लावू नये. म्हणून तो भारीतल्या बाटल्या पाठवायला लागला, काचेच्या जाड बुडाच्या, सोनेरी टोपणाच्या.

ह्या बाटल्या यायच्या माझ्या गाडीतून. मी भूम-पुणे करायचे. परत निघायच्या वेळी तो पुण्याच्या स्टँडबाहेर मोटार उभी करून यायचा आणि खिडकीतून पुडकं द्यायचा. "ताई, एवढं अम्मीला द्या." वागायला फार सभ्य. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, "बसा की गाडीत. जागा आहे." तो प्रत्येक वेळी हसायचा, जसा काही मी विनोद केला. "ईदेला येतोच आहे ना," म्हणायचा. ईद व्हायची, शिरखुर्मा मला आणि गल्लीतल्या पोरांना वाटून संपायचा आणि पुढच्या फेरीला खिडकीतून पुडकं यायचं. भूम-पुणे गाडीत परतीला जागा नसते असं मला कुणी सांगू नये. मी ती गाडी चालवत नसले तरी मोजत आले आहे.

खालांची तपासणीची पद्धत ठरलेली होती. एका हाताला भारीतली, दुसऱ्या हाताला बाजारातली आणि मग रोजची कामं. उजवा हात जास्त घासतो, म्हणून पुढच्या खेपेला हात बदलायचे. पीठ मळताना काय होतं, राखेनं भांडी घासताना काय होतं, कुठल्या नखाचा टवका आधी उडतो, हे सगळं मला ड्युटीवरून आल्या आल्या ऐकावं लागायचं. निकाल बहुतेकदा बाजारातलीच्या बाजूनं लागायचा. मला वाटतं, तिथं थोडी बेइमानी व्हायची. ती चटईची बाटली होती ना.

पण हे सगळं महिन्यातले मोजके दिवस. हे कळायला मला वेळ लागला. एके दिवशी बघावं तर नखं कोरी, खोलीत थिनरचा वास आणि खाला नमाजासाठी जानमाज पसरत असलेल्या. मी विचारलं तेव्हा त्यांनी नळावर हात धरून दाखवला. "नमाजाआदी हातपाय धुत्यात, त्या वजूत नखाला पानी लागाया पायजे. ह्याचा थर बसतो, पानी आत जात न्हाय. मंग वजू न्हाय अन् नमाज बी न्हाय. मेंदीचं तसं न्हाय, तिचा निसता रंग ऱ्हातो." बाईला महिन्यातून काही दिवस नमाज माफ असते. त्याला खाला छुट्टी म्हणायच्या. छुट्टी लागली की बाटल्या निघायच्या, छुट्टी संपली की थिनर. गल्लीतल्या बायकांना खालांची नखं बघूनच सगळं कळायचं. बाकीच्या पोरी लाजून मुठी झाकायच्या, खाला मुद्दाम हातवारे करून बोलायच्या.

मतदानाला आम्ही दोघी बरोबर गेलो तेव्हा अशीच छुट्टी होती. शाईवाल्या गुरुजींनी डाव्या बोटावरची नेलपॉलिश बघून कपाळाला हात लावला. ह्यावर शाई टिकायची नाही म्हणाले. खाला म्हणाल्या, "लावा तुमी. बगू कोन टिकतंय." त्यांनी नखावर आणि खालच्या कातडीवर अशी लांब रेघ ओढली. दोन्ही नेलपॉलिशी उतरल्या तरी कातडीवरची शाई हटेना. खालांनी निकाल जाहीर केला, "सगळ्यात टिकाऊ सरकारची. अन् फुकट. पर रंग घान, अन् लावून झाल्यावर कुनी इचारत न्हाय."

मग एका दुपारी मी ड्युटी संपवून आले तर खाला अंगणात चिंचा फोडत बसल्या होत्या. बाजूला बाटल्यांचा डबा. एक एक बाटली घेऊन कानाजवळ हलवत होत्या. आत छोटी गोळी असते, ती वाजते. बाजारातल्या दोन बाटल्यांतली वाजत नव्हती, वाळून गेल्या होत्या.

"माजी छुट्टी बंद झाली," त्या म्हणाल्या.

मला आधी समजलंच नाही. समजल्यावर मी बाया जे बोलतात तेच बोलले. सुटलात एकदाच्या, कटकट गेली, माझी कधी जाते कोण जाणे. त्या मोगरीनं चिंच फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता रोज नमाज. चांगलंच हाय की. पर हात उघडे उघडे वाटतेत." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. नवरा गेला तेव्हाही त्यांच्यासाठी छुट्टीचे दिवस उरले होते, पोरगा पुण्याला गेला तेव्हाही. त्या दिवसांतली ती लाल नखं एवढीच काय ती त्यांची स्वतःची चैन होती. ती वयानं काढून घेतली आणि ह्याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती, कारण तक्रार कुणाकडं करायची, अल्लाकडं?

फोनवर त्यांनी हे मुलाला आडून आडून सांगितलं असणार. कारण पुढच्या खेपेला तो खिडकीशी आला तो उजळलेल्या चेहऱ्यानंच. "ताई, ही जपून न्या. स्पेशल आहे. हिच्यातून पाणी आरपार जातं. नमाज चालते. बाहेरच्या देशातली आहे." मी म्हटलं, "तुम्ही स्वतः येऊन द्या की, जास्त खूश होतील." तो हसला.

खूश तर त्या झाल्याच. इतक्या झाल्या की मला त्यांच्याकडं बघवेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दहाही नखांना एकच लावली. डाळिंबी रंग होता. मी सवयीनं विचारलं, "टेस्ट केली का हिची?"

"पोराच्या शब्दाची टेस्ट करतेत व्हय गं?" त्या माझ्यावर डाफरल्या.

चहापत्तीची करायच्या, बिस्किटांची करायच्या, सरकारची केली. हिची नाही केली.

महिनाभर त्या नखांचं राज्य चाललं. रोज पाच वेळा वजू, पाच वेळा नमाज आणि नखं लाल. पण गल्लीला दिसत होतं ते एवढंच, की खालांच्या नखांवर आता रोज नेलपॉलिश असते. म्हणजे खालांनी नमाज सोडली. आधी कुजबूज झाली, मग एका लग्नात कुणीतरी खालांच्या शेजारून उठून दुसरीकडं जाऊन बसलं. शेवटी शेजारच्या दोघींना घेऊन आपा आल्या. आपा म्हणजे गल्लीतल्या बायकांना कुराण शिकवणाऱ्या. अंगानं किरकोळ, बोलायला मऊ. त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं. खालांनी बाटली आणून दाखवली, सोनेरी टोपण दाखवलं, पोरानं काय सांगितलं ते सांगितलं.

आपा बाटली फिरवून बघत म्हणाल्या, "असंल बी. पर आम्हाला काय कळनार बाई? लांबून समद्या सारख्याच."

खालांचंच वाक्य ते. आपांना ते ठाऊकही नसेल. खालांचा चेहरा असा झाला की मी जिन्यातून उतरून खाली आले.

"थांबा," खाला म्हणाल्या. "आत्ता दावते. कंडक्टर, तू ढाब्यावरनं ते हात पुसायचं कागद आनलं हुतंस, ते आन."

गाडी जेवायला थांबते तिथून मी टिशू पेपर उचलून आणायचे, ही खोड खालांना माहीत होती. आणले. त्यांनी एका कागदावर दोन ठिपके काढले, एक पोराच्या बाटलीतला, एक बाजारातलीचा. वाळू दिले. आपा, शेजारच्या दोघी, मी, सगळ्या वाकून बघत होतो. खालांनी दोन्ही ठिपक्यांवर पाण्याचा एक एक थेंब सोडला आणि खाली कोरा कागद धरला. थेंब तिथंच बसले. बोटानं दाबून बघितलं, चोळून बघितलं, वजूला चोळतात तसं. खालचा कागद कोरडा. बाजारातलीच्या खालचा कोरडा आणि बाहेरच्या देशातलीच्याही खालचा कोरडा. खालांनी पुन्हा एकदा केलं. मग पुन्हा.

आपांना वाईट वाटलं, हे मी सांगितलं पाहिजे. त्यांनी खालांच्या खांद्यावर हात ठेवला. "आल्ला नीयत बगतो."

"नीयत बगंल तो माजी," खाला म्हणाल्या. "पर पानी गेलं न्हाय ते न्हायच गेलं."

भारीतली निघतानाही भारी निघाली. थिनरला दाद देईना. खालांनी ती चाकूच्या टोकानं खरवडली, नखांच्या कडा फाटल्या, रक्त आलं. त्यानंतर त्या महिन्याभराच्या नमाजा त्यांनी पुन्हा पढायला घेतल्या, रोजच्या पाच आणि त्यावर मागच्या. गुडघे दुखायचे. उठताना भिंतीला धरायच्या. मी वरून बघायचे आणि पुण्याच्या दिशेनं मनात शिव्या घालायचे. बाटली बनवणाऱ्याला घालत नव्हते. तो विकायलाच बसलाय. पण पोटच्या पोरानं एक थेंब पाणी टाकून बघू नये? दुकानात किंमत बघितली, भारीतली आहे म्हणजे असणारच, आणि गाठ मारली पुडक्याला.

त्याच आठवड्यात त्याचा फोन आला. स्पीकरवर होता. "अम्मी, लावता ना?"

"रोज लावते बेटा," खाला म्हणाल्या. "लई झ्याक हाय."

खोटं बोलणारं माणूस घरात नको म्हणणारी बाई. फोन ठेवल्यावर मी भांडले. त्याला सांगा म्हटलं, नाहीतर मी सांगते, पुढची फेरी सोमवारी आहे. त्यांनी माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट. "तू बोलायचं न्हाय. तेला वाटतंय आईसाठी कायतरी केलं. तेवढंच हाय त्याच्याजवळ करायला. कसम हाय तुला."

मग त्यांनी मला समोर बसवलं आणि माझ्या उजव्या हाताला पोराची, डाव्या हाताला बाजारातली लावली. "आता माजी छुट्टी तुज्या हातावर," म्हणाल्या. तेव्हापासून माझ्या ड्युटीला सुट्टी असेल त्या दिवशी हेच. ज्या बाईनं आयुष्यभर हात बदलून बदलून न्याय केला, तिनं माझे हात मात्र कधी बदलले नाहीत. उजव्याला पोराचीच. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पुन्यात पुडकं घेताना उजवा हात म्होरं करतीस न्हवं? दिसंल त्याला."

मी उजवा हात पुढं करायचे. मुद्दाम बोटं पसरून. डाळिंबी नखं त्याच्या नाकासमोर. त्याला कधी दिसली नाहीत. "थँक्यू ताई," म्हणायचा आणि मोटारीकडं वळायचा.

खाला गेल्या त्या दिवशी मी ईटच्या फेरीला होते. पहाटेची नमाज झाली, चहा ठेवला आणि तिथंच बसल्या बसल्या गेल्या. चुलीवर दोन भांडी होती म्हणे, दोन चहापत्त्यांची. मी पोचले तोवर गुसल, शेवटची आंघोळ, उरकला होता, आपांनी स्वतः घातला. मुलगा दुपारी आला, मोटारीनं. रस्ता तर तोच होता, माझ्या गाडीचा. जनाजा झाला, माणसं परतली. संध्याकाळी ओट्यावर तो, आपा, मी आणि शेजारची एक म्हातारी एवढेच उरलो. तो रडला होता, डोळे सुजले होते. तो वाईट माणूस नव्हता. त्याचाच मला जास्त संताप येत होता.

म्हणाला, "अम्मीला नेलपॉलिशची फार हौस होती. मी कधी साधी लावू दिली नाही. बेस्टच पाठवली. शेवटपर्यंत लावत होती, रोज."

आपा भोळेपणानं म्हणाल्या, "न्हाय बेटा. नखं येकदम साफ हुती. काय सुदीक खरवडावं लागलं न्हाय आमाला." त्यांनी ते कौतुकानं सांगितलं. त्यांच्या लेखी एखाद्या बाईबद्दल जाताना ह्याहून चांगलं बोलता येत नाही.

तो गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. "पण फोनवर तर रोज लावते म्हणायची. ताई, तुम्हीच न्यायच्या ना? दिल्या होत्या ना तुम्ही?"

मला कसम होती. बोलायचं नव्हतं. मी दोन्ही हात त्याच्यापुढं पसरले. सुट्टीच्या दिवशी खालांनी लावलेली तशीच होती. आठवडाभर तिकिटं देऊन, सुटे पैसे मोजून, बसचा दांडा धरून उजव्या हाताचे टवके उडाले होते. डावा चांगला होता, लाल, चकचकीत.

"ह्यातली भारीतली कोणती, सांगा," मी म्हटलं.

त्यानं बघितलं. ठाऊक नाही, असं तो म्हणाला असता तर मी हात मागं घेतले असते, कदाचित त्याच्यासाठी चहाही ठेवला असता. त्याला फार विचारही करावा लागला नाही. त्यानं माझ्या डाव्या हाताकडं बोट केलं.

"ही," तो म्हणाला. "ही मी पाठवलेली."